काढायचं काम

पहिली तीन वर्षं मी नुसतं काढलं. लावलं काहीच नाही.

१९८१ सालची गोष्ट. दहावीला गणितात दांडी उडाली होती. बाप म्हणाला, "बसून खायाचं आसंल तर ह्या घरात न्हाय." मग पुण्यात एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात चिकटलो. दुकानाचं नाव सांगत नाही. तसली दुकानं तेव्हा गल्लोगल्ली होती आणि कारभार सगळीकडं सारखाच. पुढं काचेचं काउंटर, मागं टेबल, टेबलावर दोन सोल्डरिंग आयर्न. त्या टेबलाशी मालकाचा पुतण्या आणि एक मेकॅनिक बसायचा. मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणायचे. माझी जागा जिन्याखाली, फरशीवर. माझ्यासमोर एक पोतं.

पोत्यात जुन्या बाजारातून किलोवर आणलेले बोर्ड. मेलेले ट्रान्झिस्टर, फुटलेले रेकॉर्ड प्लेअर, कुठल्या तरी कारखान्यातून निघालेली पॅनेलं. त्यातले चालू पार्ट सुटे करायचे. रेझिस्टर एका डब्यात, कंडेन्सर दुसऱ्या डब्यात, ट्रान्झिस्टर तिसऱ्यात. मालकानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "काढायचं काम तुझं. लावायचं काम वर, टेबलावर." वाईट आवाजात नाही सांगितलं. चहा किती वाजता आणायचा ते सांगतात ना, तसं सांगितलं.

मला तेव्हा काही वाटलं नाही. हे खरं लिहितो, कारण अशा पानांवर लिहिताना माणूस आपल्याला लहानपणापासूनच सगळं कळत होतं असं दाखवतो. मला काही कळत नव्हतं. आमच्या घरात काढायचंच काम होतं. आजा गावातली मेलेली ढोरं ओढायचा. बाप म्युनिसिपालटीत गटाराचा गाळ काढायचा. आई चार घरचं खरकटं काढायची. मी शिसं काढत होतो. मला वाटलं, बढती झाली.

आता कामाचं सांगतो. तुमच्यातले बरेच जण हल्ली वस्तीतल्या पोरांना घेऊन छोटे छोटे बोर्ड बनवायला लागलेत. कुणी एलईडी लुकलुकवतो, कुणी पाण्याची टाकी भरल्यावर वाजणारा भोंगा करतो. चांगलं आहे. पण एक पार्ट उलटा लागला की पोरं अख्खा बोर्ड फेकून देतात. मी तो कचऱ्यातून उचलून आणतो. वाईट सवय आहे, जात नाही.

सोल्डर म्हणजे कथील आणि शिसं. जुनी माणसं ह्याला डाख म्हणत. दुकानात मिळायची ती तार ६० भाग कथील, ४० भाग शिसं अशी असायची. ६३-३७ ची मिळाली तर ती बरोबर १८३ डिग्रीला एकदम वितळते आणि एकदम गोठते. ६०-४० ची पुढं पाच-सात डिग्री लगदा होऊन रेंगाळते. त्या लगद्यात पार्ट हलला की जोड आतून तडकतो, वरून मळकट दिसतो, आणि रेडिओ कधी वाजतो कधी वाजत नाही. अर्ध्या दुरुस्त्या असल्याच जोडांच्या असायच्या. मालक गिऱ्हाइकाला पार्ट बदलला म्हणून सांगायचा.

मला सुरुवातीला कुणी काही शिकवलं नाही. २५ वॅटचा एक आयर्न दिला, त्याचं टोक झिजून काळं पडलेलं. मी तो जुन्या जोडावर टेकवायचो. जोड वितळायचा नाही. मी दाबायचो. तरी वितळायचा नाही. आणखी दाबायचो. मग एकदम सगळं सुटायचं, पार्टाबरोबर खालचं तांबंही. तेव्हाचे बहुतेक बोर्ड तपकिरी, बाजारात ज्याला हायलम म्हणतात त्याचे. त्यावर तांब्याचा पातळ पत्रा नुसता चिकटवलेला असतो. तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त तापवलं की खालचा गोंद सोडतो. वरून दाबलं तर आणखी लवकर सोडतो.

गुपित मला कळलं ते दुकानात नाही, वस्तीत. आमच्याकडं एक कल्हईवाला यायचा. भाता, कोळसा, नवसागर आणि कापसाचा बोळा. आई शेजारणींबरोबर पितळेची भांडी घेऊन जायची. मी त्याच्याजवळ उकिडवा बसून बघायचो. तो भांडं घासायचा, तापवायचा, नवसागराची भुकटी टाकायचा. भसकन पांढरा धूर उठायचा आणि मगच कथील पाण्यासारखं पळायचं. मी विचारलं, "चाचा, नवसागर कशाला?" तो म्हणाला, "कथील मळक्या भांड्याला हात लावत नाही, बेटा."

दुसऱ्या दिवशी दुकानात बसलो आणि डोक्यात प्रकाश पडला. दहा वर्षांच्या जुन्या जोडावर गंज चढलेला असतो. सोल्डरच्या तारेच्या पोटात जी राळ असते, ती केव्हाच जळून गेलेली असते. आयर्नचं टोक आणि जोड यांच्यात मळाचा पडदा. उष्णता जाणार कुठून? मी थोडी नवी तार त्या जुन्या जोडावर वितळवली. राळेचा धूर आला, मळ फाटला, जुनं-नवं एक झालं आणि सगळं चमकून ओलं झालं. तेव्हापासून माझा पहिला नियम हाच. जुनं काढायचं असेल तर आधी त्यात नवं घाला. पोरं हसतात. काढायचं तर आणखी कशाला घालायचं? घालून बघा.

कथलाचं हे सोवळं मला मान्य आहे. कारण ते घासलं की मिटतं.

एक सावधगिरी. नवसागर किंवा पत्र्याच्या कामाचं ॲसिड बोर्डाला लावू नका. भांड्याला चालतं, कारण भांडं धुतात. बोर्डावर ते मागं राहतं आणि महिन्या-दोन महिन्यांत तांबं हिरवं करून खाऊन टाकतं. इथं फक्त राळ. पाइनच्या झाडाची.

शोषून घ्यायचा पंप दुकानात एकच होता. स्प्रिंग दाबायची, टोक वितळलेल्या जोडाला लावायचं, बटण सोडलं की फटकन सोल्डर आत. तो टेबलावर असायचा. खाली कधी आला नाही. मी जोड वितळवून बोर्ड फरशीवर आपटायचो. थेंब खाली पडतो, भोक मोकळं होतं. वेगात होतं काम, पण करू नका. माझ्या डाव्या पावलावर अजून वाटाण्याएवढा डाग आहे, आणि तो थेंब पावलावरच पडला म्हणून हे लिहितोय. डोळ्यात गेला असता तर लिहिलं नसतं.

मग मी माझी हत्यारं केली. नात्यातला एक जण दवाखान्यात कंपाउंडर होता. तेव्हा इंजेक्शनच्या सुया उकळून पुन्हा वापरायचे. त्याच्याकडून बाद झालेल्या दोन जाड सुया आणल्या, टोक पाट्यावर घासून बोथट केलं. सोल्डर वितळलं की सुई पार्टाच्या पायावरून भोकात सरकवायची आणि गोठेपर्यंत गोल फिरवत राहायची. स्टीलला सोल्डर चिकटत नाही. पाय आत मोकळा, सोल्डर बाहेर. एकेक पाय करत जायचं.

आणि १९८२ ला एशियाड झालं. रंगीत टीव्ही आला, घराघरावर अँटेना चढले. अँटेनाच्या केबलचे तुकडे रस्त्यात पडलेले असायचे. त्या केबलच्या पोटात बारीक तांब्याची जाळी असते. ती सोलून काढायची, डब्याच्या झाकणात राळ वितळवून त्यात बुडवायची. जोडावर ही जाळी ठेवायची, वरून आयर्न. जाळी सोल्डर पिते, वातीनं तेल प्यावं तसं. बाजारात हीच जाळी गुंडाळीत मिळते, विक म्हणतात. फक्त एक करा, आयर्न आणि जाळी दोन्ही एकदम उचला. आयर्न आधी उचललात तर जाळी तिथंच गोठते, आणि ती ओढली की तांब्याचं चकतं घेऊन येते. पिऊन भरलेला तुकडा कापून टाका. तो पुन्हा पीत नाही.

ह्यातली निम्मी अक्कल हाताची आहे, निम्मी आधी ठरवण्याची. पार्ट वाचवायचा आहे की बोर्ड? हे ठरवल्याशिवाय आयर्न उचलू नका. माझ्या पोत्यातले बोर्ड मेलेले होते, मला पार्ट वाचवायचा होता. एसी १२८ सारखा जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर असला तर उष्णतेनं मरतो. म्हणून पाय आणि अंग यांच्यामधे नोज प्लायर धरायचा, उष्णता प्लायर खातो. पण बोर्ड वाचवायचा असेल तर उलटं. मेलेल्या आयसीवर कसली माया? कटरनं त्याचे सगळे पाय अंगापासून कापा, धड फेकून द्या, मग एकेक पाय तापवून चिमट्यानं उचला. आयसी दहा-वीस रुपयांचा असतो. बोर्ड मिळत नाही.

हे उस्तादला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याला घाई असायची.

१९८३ च्या शेवटी एका गिऱ्हाइकाचा टीव्ही आला. आवाज गेलेला. उस्तादनं साउंडचा आयसी काढायला घेतला. बारा पायांचा. एका बाजूचे पाय सुटले, दुसऱ्या बाजूचे पुरते वितळले नव्हते. त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली घालून उचकटला. मी जिन्याखालून बघत होतो. कट्ट असा आवाज आला. तीन ट्रॅक मुळासकट वर. त्यानं बोर्ड टीव्हीत तसाच ठेवला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मालकानं विचारलं. उस्ताद म्हणाला, "काढायला ह्याला दिला होता."

मी म्हणालो, "नाही शेठ, मला दिला नव्हता."

शेठ म्हणाला, "काढायचं काम तुझंच ना?"

बोर्ड टेबलावर होता. आयसीचे पाय नीट बघितले असते तर चार पायांना तांब्याची कडी चिकटलेली दिसली असती. बोर्ड कुठंही करपलेला नव्हता. जास्त तापवून तांबं सुटलं तर हायलम काळा पडतो. थंड जोड उचकटला तर तांबं स्वच्छ निघून पायाबरोबर येतं. हे मला त्या खोलीत सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं, कारण मी दोन्ही पापं शेकड्यानं केली होती. आणि मी गेल्या वर्षभरात काढलेला एकही पार्ट असा नव्हता. मी माझा आयसींचा डबा पुढं केला. म्हटलं, "शेठ, हे बघा. माझ्या पायांना कडी नसते."

शेठनं डबा बघितला नाही. डबा ठेवून घेतला आणि मला जायला सांगितलं. चालू महिन्याचा पगार बोर्डाच्या नुकसानीत धरला.

मला त्या दिवशी रडू आलं नाही. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ते तीन ट्रॅक मी अर्ध्या तासात जोडून दिले असते. फ्लेक्झिबल वायरीतली एकच बारीक तार घ्यायची, तुटलेल्या ट्रॅकवरचा हिरवा लेप ब्लेडनं खरवडायचा, तांबं उघडं करायचं, दोन्ही टोकं टाचायची. टीव्ही संध्याकाळी बोलला असता. पण ते लावायचं काम होतं.

पुढं मी आयटीआय केलं, नोकरी केली, आता रिटायर आहे. ते सगळं इथं सांगण्यासारखं नाही. तारेचं मात्र सांगितलं पाहिजे. काढण्यात मी कुणाला हार गेलो नाही, तारेत गेलो. आणि तो मार माझ्या एकट्यावर बसला नाही.

१९८६ ची जयंती. भाड्याचा मायक परवडत नव्हता म्हणून मी वस्तीसाठी अँप्लिफायर बनवला. दोन २एन३०५५, बाकीचे सगळे पार्ट जुन्या बाजारातल्या बोर्डांवरून काढलेले, नवीन फक्त सोल्डर. तीन महिने खपलो. घरात वाजवून बघितला, खणखणीत. १३ एप्रिलच्या रात्री कार्यक्रम. ट्रकची बारा व्होल्टची बॅटरी उसनी आणली. तिच्यात ॲसिड, पोरं धावत होती, म्हणून ती स्टेजपासून पाच मीटरवर एका हातगाडीखाली ठेवली. तिथून अँप्लिफायरपर्यंत वायर हवी. माझ्याकडं टेलिफोन केबलच्या जोडीचं भेंडोळं होतं. अर्ध्या मिलिमीटरची भरीव तांब्याची तार, चकचकीत. तीच ओढली.

त्या रात्री आमच्या वस्तीतली एक बाई पहिल्यांदा बोलायला उभी राहिली. धुणीभांडी करणारी. पन्नाशीची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण महिनाभर मनात जुळवून ठेवलं होतं. हळू बोलली तोवर ठीक. मग तिचा आवाज चढला आणि अँप्लिफायर गुदमरला. प्रत्येक मोठ्या शब्दाला भर्रर्र. शब्द फाटून बाहेर. ती आणखी जोरात बोलली, ते आणखी फाटलं. पोरं हसायला लागली. मग बायाही हसल्या. ती मधेच थांबली, पदर सारखा केला आणि खाली बसली.

मी रात्रभर बोर्ड तपासला. एकही जोड कच्चा नव्हता. सकाळी मीटर घेऊन बसलो तेव्हा कळलं. अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार, एका मीटरला साधारण ०.०९ ओहम. जायची पाच मीटर, यायची पाच मीटर, झाले ०.९ ओहम. गप्प असताना अँप्लिफायर फारसा करंट ओढत नाही, म्हणून घरी काही कळलं नाही. घरी तर बॅटरी शेजारीच होती. पण आवाज चढला की तो तीन अँपिअर ओढायचा. ०.९ गुणिले ३, पावणेतीन व्होल्टच्या आसपास नुसते वायरीतच जळत होते. बारातले सव्वानऊच पोचत होते. हळू बोलणाऱ्याला ती तार पुरत होती. मोठ्यानं बोलणाऱ्याला नव्हती.

गणितात दांडी उडाली होती म्हणालो ना. हे तेच गणित.

दुसऱ्या वर्षी घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची वायर आणली. दहा मीटरला ०.१२ ओहम, तीन अँपिअरला जेमतेम एक तृतीयांश व्होल्ट. त्या बाईला पुन्हा उभं राहा म्हणून सांगायला मी गेलो नाही, तोंड नव्हतं. ती स्वतःच स्टेजजवळ आली आणि म्हणाली, "वायर बदललीस का रं?" कुणी तरी तिला सांगितलं होतं. मी वायर दाखवली. तिनं हातात घेऊन बघितली. मग बोलली. वीस मिनिटं बोलली.

तेव्हा तार निवडताना आधी विचारा, तिच्यातून किती जाणार आहे आणि किती लांब जाणार आहे. एलईडीचा खेळ असेल, वीस मिलिअँपिअर, तर कसलीही बारीक तार चालते. मोटर, स्पीकर, बॅटरी आली की जाड. दुसरं विचारा, ती हलणार आहे का. बोर्डावर एका जागी पडून राहणार असेल तर भरीव, एकतारी. ती वाकवली तशी राहते, भोकात सरळ घुसते. ब्रेडबोर्डला तीच लागते, अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या मधली. जुन्या टेलिफोन केबलमधली किंवा कॅट-फाइव्ह लॅन केबलमधली तार ह्या कामाला सोन्यासारखी, एका फुटात आठ तारा. पण बॅटरीचं झाकण, स्विच, मायकची दोरी, जिथं हात लागतो, तार हलते, तिथं बहुतारी. भरीव तार दहा वेळा वाकली की जोडापाशी मोडते आणि वरून दिसतही नाही.

बाजारात १४/३६ मागा. म्हणजे ३६ गेजच्या १४ बारीक तारा एका वेटोळ्यात. ७/३६ त्याहून बारीक, २३/३६ त्याहून जाड. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, इथं सगळे फसतात. सोललेलं टोक पिळायचं, त्याला आधी सोल्डर पाजायचं, मग बोर्डाला लावायचं. पण सोल्डर प्लास्टिकच्या आतपर्यंत चढू देऊ नका. चढलं तर बहुतारी तार तिथं भरीव होते आणि नेमकी तिथंच मोडते. साध्या वायरीचं प्लास्टिक उष्णतेनं आक्रसून मागं पळतं, म्हणून पटकन लावा आणि हात काढा. टेफ्लॉनची वायर पळत नाही. महाग आहे. भंगारात सापडली तर सोडू नका.

हल्ली नकली तार फार आहे. वरून तांब्याचा मुलामा, आतून ॲल्युमिनियम. ब्लेडनं खरवडा, पांढरं दिसलं तर परत द्या. कापलेल्या टोकाला सोल्डर धरत नाही.

आणि रंग. आमची पोरं सगळीकडं निळी वायर वापरतात. भावना समजते मला. पण सगळाच बोर्ड निळा झाला की प्लस कुठला आणि मायनस कुठला? प्लसला लाल, मायनसला काळी. निळी सिग्नलला वापरा.

आता दर रविवारी समाजमंदिराच्या हॉलमधे आम्ही बसतो. बारा-पंधरा पोरं-पोरी. खिडक्या उघड्या ठेवतो, राळेचा धूर छातीत बसतो. खाण्याआधी साबणानं हात, ह्यात माफी नाही. शिसं धुरातून फारसं जात नाही, बोटावरून तोंडात जातं. नव्या बोर्डांवर शिसं नसतं. युरोपनं २००६ साली शिशावर बंदी घातली, आपल्याकडं २०११ च्या ई-कचरा नियमांत मर्यादा आली. बिनशिशाचं सोल्डर २१७ डिग्रीच्या वर वितळतं, ते काढताना पोरं हैराण होतात. मग तोच जुना इलाज. त्यावर शिशाची तार वितळवायची, मिसळलं की खालच्या डिग्रीला सुटतं.

त्यातल्या एका पोरीचा बाप भंगार गोळा करतो. नाल्याच्या काठाला संध्याकाळी वायरी जाळतात, तांबं काढायला. पीव्हीसी जळलं की जो धूर होतो तो तुम्हाला माहीत आहे, तुमच्याही वस्तीत येतो. त्या धुरात ॲसिडची वाफ असते. पोरीला खोकला आहे. मी तिच्या बापाकडं गेलो, म्हटलं, जाळू नका, सोला. जळक्या तांब्याला भावही कमी मिळतो. तो म्हणाला, "काका, जाड वायर मी सोलतोच. ही बारीक सोलत बसलो तर दिवसात अर्धा किलो न्हाय निघायचं. तुम्ही हिशोब करा." मी केला. तो बरोबर होता.

आता बारीक वायरीचं एक भेंडोळं ती पोरगी रविवारी आणते, आम्ही ते तांब्याच्या भावानं घेतो. १४/३६ असते, टेलिफोनची असते, एकदा टेफ्लॉनसुद्धा आली. पण आमचा वर्ग वर्षाला किती वायर खाणार? किलोभर. बाकीची जळते.

मी ह्या पोरांना आधी काढायला शिकवतो. मेलेले बोर्ड देतो, सुई देतो, जाळी देतो. म्हणतो, पाचशे जोड काढा, हात तयार होईल, मग लावायचं बघू. मला ही पद्धत बरोबर वाटत होती. काढता आलं की चुकायची भीती जाते. मागच्या महिन्यात ती पोरगी एका जुन्या बोर्डावरून सोळा पायांचा आयसी काढत होती. शेवटचा पाय सुटला, तिनं आयसी उलटा करून पाय बघितले. कडी नव्हती. डब्यात टाकला. मग मान वर न करता म्हणाली, "काका, सहा रविवार झाले. आम्ही नुसतं काढतोय. लावायचं कधी?"

माझं टेबल खिडकीपाशी आहे. टेबलावर माझा आयर्न आहे, डिग्री बघता येते असा. पोरं खाली सतरंजीवर बसतात. जागेचा प्रश्न आहे, दुसरं काही नाही, असं मी तेव्हापर्यंत समजत होतो.

मी उठलो. तिला खुर्चीवर बसवलं. तिनं आयर्नचं टोक ओल्या स्पंजला पुसलं, १४/३६ चं एक टोक सोलून पिळलं, सोल्डर पाजलं आणि बोर्डाला टेकवलं. घाई केली. सोल्डर गोठायच्या आधी तार हलली, जोड मळकट झाला. मी काही बोललो नाही. तिनं तो वाकून बघितला, जाळी मागितली, स्वतःचा जोड स्वतःच काढला आणि तार पुन्हा सोलायला घेतली.